संग्रहालयात नवी वस्तू आली की: दाखल नोंदीचा नेमका क्रम

तालुक्याच्या गावचं छोटं संग्रहालय, महाविद्यालयाच्या इतिहास विभागातली एक खोली, ग्रंथालयाच्या माळ्यावर मांडलेला संग्रह. अशा ठिकाणी अभिरक्षकाचं (क्युरेटरचं) काम बहुतेक वेळा कुणीतरी आपली नोकरी सांभाळून करत असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. अशा संग्रहांच्या नोंदी लावून द्यायला मी जातो, तेव्हा एकच चूक पुन्हापुन्हा दिसते. वस्तू आली की आधी ती घासूनपुसून लख्ख करतात, मग काचेच्या कपाटात ठेवतात, आणि नोंद सवडीने करायची म्हणून राहून जाते. सवड मिळते तोवर ती वस्तू कुठल्या गावची, कुणाच्या घरातली, कशी वापरायचे हे सांगणारं माणूस राहिलेलं नसतं. एका संग्रहात मी चौदा अडकित्ते मोजले. चौदाही देखणे, पण त्यांतला एकही कुठून आला हे कुणाला सांगता आलं नाही.

क्रम असा हवा: आधी कागद, मग कायद्याची चाळणी, मग विलगीकरण, मग क्रमांक, मग वर्णन आणि फोटो, मग वस्तूवर क्रमांक आणि शेवटी जागा. साफसफाई या क्रमात नाही. ती विसरलेली नाही, मुद्दाम वगळली आहे.

वस्तू येण्याआधीची तयारी

एक टेबल फक्त या कामासाठी राखून ठेवा. त्यावर पातळ फोम आणि वर धुतलेली पांढरी सुती चादर अंथरा. रंगीत चादर नको, कारण वस्तूतून गळलेला भुसा, गंजाचा कण किंवा किडा पांढऱ्यावरच दिसतो. टेबलावर चहा, पाणी, बॉलपेन आणि शाईचं पेन यांना बंदी. लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, टू-बी चांगली. मोजायला कापडी टेप आणि प्लास्टिकची पट्टी घ्या, लोखंडी टेपची धार वस्तूला ओरखडे पाडते. नाण्यांसाठी व्यास अचूक मोजणारं व्हर्नियर कॅलिपर आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा लागेल. भिंग, नायट्राइलचे हातमोजे आणि जाडसर पारदर्शक पिशव्या एवढं सामान पुरतं.

धातूला हात लावताना हातमोजे घाला, घामातल्या क्षारांनी बोटांचे ठसे कायमचे उमटतात. पोथी आणि सुटे कागद मात्र धुतलेल्या, कोरड्या, उघड्या हातांनी हाताळा. सुती हातमोज्यात बोटाची जाणीव जाते आणि पानाचा कोपरा हमखास फाटतो.

वह्या तीन लागतात. आवक वहीत दारातून आत आलेली प्रत्येक वस्तू लिहायची, मग ती फक्त दाखवायला आणलेली का असेना. दाखल रजिस्टरमध्ये संग्रहाने कायमची स्वीकारलेली वस्तूच जाते. तिसरी वही जागेची. दाखल रजिस्टर बांधीव हवं, पानांवर छापील क्रमांक हवेत आणि लिहिताना न पुसली जाणारी शाई हवी. खोडायचं झालं तर एक रेघ मारून बाजूला सही आणि तारीख. संगणकावरची नोंद जरूर करा, पण ती या रजिस्टरची प्रत समजा. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची संगणकप्रणाली तयार केली आहे आणि देशातली मोठी संग्रहालयं ती वापरतात. मात्र कुठलीही प्रणाली आधी नीट भरलेली वही मागते.

पायरी १: देणारा समोर आहे तोवर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. क्रमांकापासून पुढच्या पायऱ्या महिन्याभराने केल्या तरी चालतील, ही नाही चालत.

पहिल्यांदा तात्पुरती पावती फाडा. तिच्यावर तारीख, आणणाऱ्याचं नाव आणि पत्ता, वस्तूंची संख्या आणि एका ओळीत वर्णन लिहा. ‘जुनी भांडी, एक पोतं’ असं लिहू नका. पोत्यातलं एकेक भांडं मोजा आणि दोघांच्या सह्या घ्या.

मग बसवून विचारा. ‘काका, हे किती जुनं?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. उत्तर ठरलेलं असतं: ‘दोनशे वर्षांपूर्वीचं, शिवकालीन.’ हे दोन्ही एकाच दमात सांगणारे मला अनेकदा भेटले. प्रश्न असे विचारा, ज्यांचं उत्तर त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे. घरात ही वस्तू कुठे असायची, देवघरात, माजघरात की ओटीवर? ही कुणी वापरताना तुम्ही पाहिलं? घरात तिला काय म्हणत? तुमच्या घरी कुणाकडून आली? कधी दुरुस्त केली, कल्हई लावली, दांडा बदलला? वापराचं नाव त्यांच्याच तोंडचं लिहून घ्या. कोकणातल्या आजींनी सांगितलेलं नाव आणि विदर्भातलं नाव वेगळं असू शकतं. पुस्तकातलं नाव नंतरही मिळेल, हे नाव त्या माणसाबरोबर निघून जाईल. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा आणि त्या फाइलचं नाव आवक वहीत लिहा.

ऐकलेलं आणि पडताळलेलं वेगळ्या रकान्यात ठेवा. ‘देणाऱ्याच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द लिहायला संकोचू नका.

शेवटी दान की ठेव हे ठरवा. छोट्या संग्रहांमधले सगळ्यात कडवट वाद इथून निघतात. आजोबांनी दिलेली तलवार वीस वर्षांनी नातू परत मागायला येतो, आणि संग्रहाकडे दाखवायला असतो फक्त सत्काराचा फोटो. जंगम वस्तूचं दान नुसत्या हस्तांतरणानेही होऊ शकतं, पण ते दान होतं हे सांगणारा कागद नसेल तर भांडण मिटत नाही. म्हणून दानपत्र लिहून घ्या. वस्तू माझ्या मालकीची आहे, ती मी विनाअट कायमची देत आहे, आणि संग्रहालय ती प्रदर्शित करू शकेल, साठवणीत ठेवू शकेल, असा मजकूर असावा. वाटणी झालेल्या घरातली वस्तू असेल तर इतर हिस्सेदारांची संमतीही घ्या. ठेव असेल तर मुदतीची तारीख घाला. ‘कायमची ठेव’ असा शब्द कागदावर येऊ देऊ नका. तो ना दान असतो ना ठेव.

‘आमच्या नावाची पाटी लावून कायम दर्शनी कपाटातच ठेवा’ ही अट बहुतेक देणारे घालतात. नम्रपणे नाही म्हणा. उजेडात कायम ठेवलेली पैठणी काही वर्षांत फिकी पडते, हे समजावून सांगितलं की लोक ऐकतात.

पत्रं आणि फोटो घेताना एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: कागद संग्रहाचा झाला म्हणून मजकुराचा स्वामित्वहक्क आपोआप संग्रहाचा होत नाही. छापायची परवानगी वेगळी लिहून घ्या.

*थांबा आणि तपासा: पावतीवर दोन्ही सह्या आहेत? वस्तूंची संख्या आणि पावतीवरची संख्या जुळते? देणाऱ्याशिवाय घरातल्या आणखी एका माणसाचा फोन नंबर घेतला?*

पायरी २: कायद्याची चाळणी

वस्तू स्वीकारण्याआधी या चार गोष्टी बघा.

जमिनीतून निघालेली वस्तू असेल, म्हणजे विहीर खणताना मिळालेला नाण्यांचा हंडा किंवा नांगराला लागलेली मूर्ती, तर ती थेट संग्रहात घेऊ नका. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. आणणाऱ्याला तसं सांगा आणि अर्ज लिहायला मदत करा. घाबरवून परत पाठवलंत तर तो हंडा सराफाकडे जाऊन वितळेल.

पुरावशेष व कलानिधी कायदा १९७२ चा, तो १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून कमी नाही अशी वस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखितांसाठी ही अट पंचाहत्तर वर्षांची आहे. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि मालकी किंवा ताबा बदलला की नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. म्हणून देणाऱ्याकडे नोंदणी प्रमाणपत्र आहे का ते विचारा आणि त्याची प्रत फाइलला लावा.

वाघाचं कातडं, सांबराची शिंगं, हस्तिदंत असं काही आलं तर वन विभागाशी बोलल्याशिवाय हातात घेऊ नका. वन्यजीव कायद्यात मालकीचा दाखला लागतो आणि हस्तांतरावर कडक बंधनं आहेत.

ठासणीची बंदूक असेल तर आधी पोलीस ठाण्याला कळवा.

*इशारा: भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेली ठासणीची बंदूक अजून भरलेली असू शकते. नळीत डोकावू नका, चाप ओढून पाहू नका. तसंच पेंढा भरलेले जुने पक्षी-प्राणी अनेकदा आर्सेनिक लावून टिकवलेले असतात, ते हातमोजे आणि मास्क घालूनच हाताळा.*

पायरी ३: विलगीकरण

नवी वस्तू कधीही थेट साठवणीच्या खोलीत नेऊ नका. एका रुमालातल्या मोडी कागदांबरोबर आलेली कसर संपूर्ण कपाट खाते. वेगळी खोली नसेल तर वेगळं कपाट चालेल, तेही नसेल तर बंद पिशवी.

लाकूड, कापड, कागद आणि चामडं पिशवीत घाला, खाली पांढरा कागद ठेवा आणि तोंड बंद करून तारीख लिहा. निदान तीन आठवडे वाट पाहा आणि आठवड्याला एकदा बघा. लाकडाच्या छिद्रांखाली कागदावर ताजा, पीठासारखा भुसा पडला असेल तर कीड जिवंत आहे. नुसती जुनी छिद्रं असतील आणि भुसा पडत नसेल तर कीड बहुधा कधीच निघून गेलेली असते. वस्तू ओलसर असेल तर पिशवी बंद करू नका, आत बुरशी धरेल. ती आधी पंख्याच्या मंद वाऱ्यात, सावलीत सुकू द्या. उन्हात नको.

डांबराच्या गोळ्या टाकून ही पायरी उरकू नका. त्यांची वाफ माणसाला चांगली नाही आणि आत शिरलेली कीड तिने मरेल याची खात्री नाही. वेखंडाची पुरचुंडी ठेवायची आपली जुनी रीत कीड दूर ठेवायला मदत करते, पण वस्तूत शिरलेल्या किडीवर तो इलाज नव्हे.

आता साफसफाईबद्दल. चिंच, लिंबू, रांगोळी, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट यांतलं काहीही पितळी मूर्तीला, तांब्याच्या नाण्याला किंवा शस्त्राला लावू नका. नाण्यावरचा हिरवा-तपकिरी थर आम्लाने निघतो आणि त्याबरोबर अक्षरंही झिजतात. शिवराई या तांब्याच्या नाण्यावरची अक्षरं आधीच पुसट असतात. एकदा घासलेलं नाणं पुन्हा वाचता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि अजून मनाला लागतं. मऊ, कोरड्या ब्रशने वरवरची धूळ झटकणं, एवढीच तुमची हद्द. तांब्या-कांस्याच्या वस्तूवर फिकट हिरवी, भुरभुरणारी पूड दिसली तर मात्र तो सक्रिय गंज असू शकतो. ती वस्तू कोरड्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर वेगळी ठेवा आणि प्रशिक्षित संवर्धकाला दाखवा.

पायरी ४: दाखल क्रमांक

सोपी आणि जगभर चालणारी पद्धत घ्या: वर्ष, त्या वर्षीच्या आवकीचा अनुक्रम आणि त्यातली वस्तू. २०२५ साली चौदाव्या देणगीत आलेली तिसरी वस्तू म्हणजे २०२५.१४.३. एका देणाऱ्याने एका वेळी दिलेलं सगळं एका अनुक्रमाखाली येतं आणि घरातला संच एकत्र राहतो.

क्रमांकात विषय घुसवू नका. ‘शस्त्र/१२’, ‘भांडी/४०’ असे क्रमांक पहिल्या वर्षी छान वाटतात. पुढे अडकित्ता भांड्यात घालायचा की हत्यारांत, यावर सगळं अडतं.

संच असेल तर प्रत्येक भाग मोजा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे बारा-बारा. आलेल्या डब्यात ११७ असतील तर नोंदीत ११७ लिहा आणि कोणते तीन नाहीत तेही लिहा. झाकण आणि डबा, तलवार आणि म्यान यांना एकच क्रमांक देऊन पुढे अ, आ जोडा.

अंक एकाच लिपीत ठेवा. ही चूक फार होते आणि फार महागात पडते: देवनागरीतला एक आणि इंग्रजीतला नऊ हाताने लिहिल्यावर सारखे दिसतात, तसेच देवनागरी पाच आणि इंग्रजी चार. एका कारकुनाने देवनागरीत, दुसऱ्याने इंग्रजीत लिहिलेल्या रजिस्टरमध्ये मी अशा वस्तू पाहिल्या आहेत, ज्यांचे दोन-दोन क्रमांक तयार झाले होते. कोणतीही लिपी निवडा, पण पहिल्या पानावर ती लिहून ठेवा.

वस्तू हरवली, परत दिली किंवा मोडली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या वस्तूला कधीच द्यायचा नाही.

पायरी ५: वर्णन, मोजमाप, फोटो

चोरी झाली तर पोलिसांना वस्तू ओळखता येईल असं वर्णन हवं. यासाठी ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा आंतरराष्ट्रीय आराखडा १९९७ पासून वापरात आहे. त्यात वस्तूचा प्रकार, साहित्य आणि घडवण्याची पद्धत, मापं, वरचा मजकूर आणि खुणा, ओळखीच्या खास खुणा, विषय, काळ, कर्ता अशा गोष्टी येतात. यांतली खास खूण लोक सोडून देतात, आणि चोरीनंतर नेमकी तीच कामाला येते. ‘पितळी समई, सुंदर नक्षी’ या वर्णनाच्या हजार समया सापडतील. ‘वरच्या हंसाची चोच डावीकडे तुटलेली, तळाशी डाग (झाळ) दिल्याची खूण’ अशी एकच असते.

मापं आधी उंची, मग रुंदी, मग खोली, या क्रमाने सेंटिमीटरमध्ये. नाण्याचं वजन आणि व्यास दोन्ही लिहा. फोटोत पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी हवी. पुढून, मागून, बाजूने, तळाकडून आणि प्रत्येक तुटलेल्या जागेचा जवळून एक असे फोटो काढा. फ्लॅश नको.

स्थितीही आजच लिहा: तडा कुठे, रंग कुठे उडालाय, पान कुठे खाल्लंय. नाहीतर पाच वर्षांनी दिसलेला तडा तुमच्या काळात पडला की आधीचा, हे सांगता येणार नाही.

काळ लिहिताना मोडी कागदांवर हमखास गफलत होते. कागदावर आहे तसा काळ आधी उतरवा, रूपांतर पुढच्या रकान्यात. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण शकवर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना साधारण ७९ मिळवावे लागतात. जुन्या कागदांवरची दुसरी कालगणना, सुहूर सन, अरबी शब्दांत लिहिलेली असते आणि तिचं वर्ष मृगाच्या सुमाराला बदलतं. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७७, म्हणजे इसवी सन १७७६-७७. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. महिना वाचता येत नसेल तर दोन्ही वर्षं लिहा. एक वर्ष ठोकून देऊ नका.

*थांबा आणि तपासा: तुमचं वर्णन दुसऱ्या माणसाला वाचायला द्या आणि चार सारख्या वस्तूंतून ती वस्तू शोधायला सांगा. सापडली नाही तर वर्णन पुन्हा लिहा.*

पायरी ६: वस्तूवर क्रमांक

नियम एकच: उद्या काढता आला पाहिजे, पण आपोआप पुसला जाता कामा नये. ऑइलपेंट, नेलपॉलिश, मार्कर आणि चिकटपट्टी यांना इथे जागा नाही.

धातू, दगड आणि भाजलेली माती: पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून तिचा छोटा पट्टा न दिसणाऱ्या जागी लावा. पूर्ण वाळला की त्यावर न पसरणाऱ्या काळ्या शाईने क्रमांक लिहा, तोही वाळला की वर पातळ थर द्या. वस्तू काळी असेल तर पांढऱ्या शाईने लिहा. सच्छिद्र मडक्याचा कोपरा भुरभुरत असेल तर लिहू नका, चिठ्ठी बांधा.

लाखकाम, रंगवलेलं लाकूड आणि प्लास्टिक: ॲसिटोन इथे अजिबात नको, रंग विरघळून निघेल. सावंतवाडीच्या लाकडी फळांवर आणि गंजिफेवर क्रमांक लिहायचा नाही. तो डब्यावर आणि जोडलेल्या चिठ्ठीवर लिहायचा.

कापड: सुती फितीच्या तुकड्यावर क्रमांक लिहून, तो तुकडा धुवून शाई पसरत नाही ना ते पाहून, कापडाच्या उलट्या बाजूच्या कोपऱ्यात दोन सैल टाके घाला. जरीतून सुई नेऊ नका.

कागद: टू-बी पेन्सिलीने, मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने. शिक्का मारू नका.

नाणी: नाण्यावर काहीच लिहायचं नाही, पाकिटावर लिहायचं. एका वेळी एकच पाकीट उघडं ठेवा.

*इशारा: कागदाचं लॅमिनेशन करून घेणं हा जतनाचा उपाय नाही. गरम प्लास्टिक कागदाला चिकटतं आणि नुकसान न करता ते काढता येत नाही. सेलोटेप, रबरबँड, टाचण्या आणि स्टेपलच्या पिनाही काढून ठेवा.*

पायरी ७: जागा

प्रत्येक खोलीला, कपाटाला आणि फळीला अक्षर किंवा अंक द्या. ‘ख २, क ३, फ ४’ इतकी नोंद पुरते. वस्तू हलली की त्याच दिवशी जागेची वही बदला. प्रदर्शनासाठी काढलेल्या वस्तूच्या रिकाम्या जागी तारखेची चिठ्ठी ठेवा.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवा, सर्वांत खालची फळी जमिनीपासून वर असू द्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर राहते आणि बुरशीला तेवढं पुरतं. स्वस्तातला आर्द्रतामापक घेऊन त्याचे आकडे रोज सकाळी लिहा. जड वस्तू खाली ठेवा. उचलताना दोन्ही हात तळाखाली घ्या, कान, मूठ किंवा पगडीचा तुरा धरून नाही. पैठणी घडी घालून ठेवायची असेल तर घडीत मऊ सुती कापड भरा आणि दर काही महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला.

आधीपासून असलेल्या, क्रमांक नसलेल्या वस्तू

हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारतात. अशा वस्तूंना अंदाजाने जुनं वर्ष देऊन दाखल क्रमांक देऊ नका. त्यांना वेगळा गट करा, उदाहरणार्थ ‘सा.२०२५.१’. ‘सा’ म्हणजे संग्रहात सापडलेली, आणि वर्ष म्हणजे तुम्हाला ती सापडली ते. वर्णन, फोटो आणि जागा वर सांगितल्याप्रमाणेच भरा. देणाऱ्याचा रकाना रिकामा सोडा, त्यात ‘माहीत नाही’ असंही शाईने लिहू नका. गावातल्या जुन्या वर्तमानपत्रातली बातमी, संस्थेचा वार्षिक अहवाल, इतिवृत्ताची वही किंवा सत्काराच्या फोटोमागची तारीख यांतून त्या चौदा अडकित्त्यांपैकी तिघांची घरं मला सापडली. तेव्हा तो रकाना रिकामा होता, म्हणून त्यात नाव लिहिता आलं.